कडेचा तुकडा

धागा वाढू नये, एवढंच आत्याला हवं होतं.

धागा बुरशीचा होता, केसाहूनही बारीक. पण मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यावर तो बोटाएवढा जाड दिसत होता. काचपट्टीखाली गरम करणारी थाळी होती आणि तिच्यावरचा आकडा अठ्ठावीसवरून हळूहळू वर चढत होता. आकडा सदतीसला पोचला की वीस मिनिटांत धागा थांबायला हवा. थांबला तर आत्याची भाची खरी. नाही थांबला तर ती खोटी, आणि खोटं संशोधन छापलं म्हणून तिला आजच्या आज इथून कायमचं काढणार होते. तसं पत्र तयारच होतं. सकाळी संस्थेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या टेबलावर आत्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त तारीख आणि सही राहिली होती.

ती त्या मुलीची खरीखुरी आत्या, पण संस्थेत तिला सगळेच आत्या म्हणत, शिपायापासून सरांपर्यंत. एकोणतीस वर्षं ती इथल्या बुरश्या सांभाळत होती. चारशे वाण तिच्या ताब्यात होते. दर महिन्याला प्रत्येक वाणाचा तुकडा काढून नव्या अन्नावर लावायचा, तो किती वाढला ते पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं आणि जुनं वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकायचं, हे तिचं काम. शिक्षण बेताचं, पण हाताला यश असं की तिने लावलेली बुरशी वाया गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. "आत्याने दगडावर लावली तरी येईल," असं पोरं म्हणायची. आत्या वरवर "चला, कामाला लागा" म्हणायची आणि आतून फुलायची.

भाचीचं संशोधन तसं समजायला सोपं होतं, निदान तिने आत्याला तरी सोपं करून सांगितलं होतं. बुरशीचा धागा फक्त टोकाशी वाढतो. टोकाला नवी भिंत बांधायची तर सामान मागून यावं लागतं, बारीक बारीक पिशव्यांत भरून. धाग्याच्या आत रुळांसारख्या तारा असतात आणि त्यांच्यावरून पाऊल टाकत काही प्रथिनं त्या पिशव्या ओढत नेतात. पुस्तकात त्यांना मोटर प्रोटीन म्हणतात. भाची हमाल म्हणायची. काही हमाल टोकाकडे जाणारे, काही टोकाकडून मागे येणारे. टोकाकडे जाणाऱ्यांपैकी एका जातीच्या हमालात तिने असा बिघाड करून ठेवला होता की अठ्ठावीस अंशांवर तो कसाबसा चालायचा आणि सदतीसला मटकन खाली बसायचा. मग पिशव्या वाटेतच साचायच्या, टोक उपाशी राहायचं आणि धागा थांबायचा. दोन वर्षांपूर्वी तिने या सगळ्याची फिल्म काढली. ती छापून आली. तिचं कौतुक झालं, सरांचं तिच्याहून चार पट झालं.

पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच वाण मागवून तोच प्रयोग केला, तर धागा सदतीसलाही मजेत वाढला. सरांनी इथे करून पाहिला, तरी वाढला. भाचीने स्वतः अकरा वेळा केला, अकराही वेळा वाढला. शेवटी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, की ती फिल्म कशी तयार केली होतीस ते आता तरी सांग. त्या गोष्टीला दोन महिने झाले. दोन महिने पोरगी नीट जेवली नव्हती आणि आत्याला दादाला, म्हणजे तिच्या बापाला, फोन करायचा धीर होत नव्हता. "तुझ्या हवाली करतोय," एवढंच म्हणून त्याने तिला इथे पाठवलं होतं.

"सदतीस," चौकशी समितीतले चष्मेवाले गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी घड्याळ लावलं.

खोली लहान होती. पडद्यासमोर समितीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. केस पांढरे, आवाज हळू, बाहेरच्या संस्थेतून मुद्दाम बोलावलेल्या. शेजारी चष्मेवाले. सर खिडकीशी हाताची घडी घालून उभे होते, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखे. भाची पडद्याच्या बाजूला उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. आत्याचं खरं तर इथे काही काम नव्हतं. वाण आणून द्यायचा आणि जायचं. पण जा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून ती दाराशी थांबली होती.

पडद्यावर मोजपट्टीच्या बारीक रेघा होत्या. धाग्याचं टोक तिसऱ्या रेघेला टेकलं होतं. धाग्याच्या आत हिरवे ठिपके लगबगीने पुढे चालले होते, त्याच त्या पिशव्या. दोन मिनिटं झाली, तीन झाली. चौथ्या मिनिटाला ठिपके रेंगाळले आणि टोक थांबलं.

भाची एक पाऊल पुढे आली. पाच, सहा, सात. टोक तिसऱ्या रेघेच्या जरासं पुढे मुक्कामाला बसलं होतं आणि हलत नव्हतं. "थांबलंय," भाची इतक्या हळू म्हणाली की ते फक्त आत्याला ऐकू गेलं.

"उष्णतेचा धक्का बसला की कुठलीही बुरशी थोडा वेळ थांबते," सर खिडकीपासूनच म्हणाले. "वाट पाहा."

नवव्या मिनिटाला एक ठिपका सुटला. त्याच्यामागे दुसरा. मग जत्रा सुटावी तसे सगळेच निघाले आणि टोक पुढे सरकलं. चौथी रेघ ओलांडली. चष्मेवाल्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाराव्या मिनिटाला पाचवी. आता धागाच बोलत होता. तो जेवढा पुढे जात होता तेवढी भाची मागे सरत होती. शेवटी तिची पाठ भिंतीला लागली. एवढ्या वर्षांत आत्याने कुठल्या बुरशीचा दुस्वास केला नव्हता, पण या मेल्या धाग्याचा तिला त्या क्षणी मनापासून राग आला.

वीस मिनिटं झाली तेव्हा टोक आठव्या रेघेवर होतं.

"या वाणाची साधी, अठ्ठावीस अंशांवर वाढवलेली प्लेट आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मला नुसत्या डोळ्यांनी बघायचीय."

आत्या लगबगीने बाजूच्या खोलीत गेली आणि कपाटातून प्लेट घेऊन आली. अध्यक्षबाईंनी ती उजेडाकडे धरली. पांढरीशुभ्र, गोल, कडेपर्यंत भरलेली बुरशी.

"फार सुंदर वाढलीय हो."

"आता वाढतेय," आत्या म्हणाली. एवढ्या प्रसंगातही कौतुक ऐकून तिची जीभ सैल सुटलीच. "सुरुवातीला फार रोड होती बिचारी. महिना झाला तरी नखाएवढी. मी सांभाळून सांभाळून..."

आणि ती गप्प झाली.

अध्यक्षबाईंनी मान हलवून प्लेट खाली ठेवली. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. सरांनाही नाही. पण आत्याने दाराची कडी घट्ट धरली.

आत्याला हे काम शिकवलं होतं इथल्या जुन्या बाईंनी, त्या आता हयात नाहीत. त्यांचा एकच धडा होता. मधलं म्हातारं, कडेचं तरुण. नवीन लावण करायची तर तुकडा नेहमी कडेचा घ्यायचा, बुरशी जिथे सगळ्यात पुढे गेलीय तिथला. एकोणतीस वर्षं आत्याने तेच केलं होतं आणि तिच्या यशाचं सगळं गुपित तेवढंच होतं. भाचीचा वाण ताब्यात आला तेव्हा तो अठ्ठावीस अंशांवरही रडतखडतच वाढायचा. घरातलं आजारी पोर असावं तसं आत्याने त्याचं केलं. इतरांपेक्षा जास्त जपून, जास्त निवडून, प्रत्येक वेळी जो कोपरा सगळ्यात पुढे गेलाय तोच शोधून. आणि एका महिन्यात त्याला एका बाजूने पंख्यासारखा फुटवा आला, चांगला ऐसपैस. तिला इतका आनंद झाला होता. तिने तिथलाच तुकडा घेतला आणि बाकीचं मारून टाकलं.

आजारी होता म्हणून तर तो वाण कामाचा होता. हमाल लंगडा होता हीच तर भाचीची सगळी कमाई. लाखो धाग्यांपैकी एकाने कशीतरी आपली वाट काढली असणार, हमाल सुधारला असेल किंवा दुसऱ्याने त्याचं ओझं उचललं असेल, आणि आत्याने नेमका तोच वेचून घेतला होता. ज्या हाताचं यश ती मिरवत होती त्याच हाताने तिने पोरीचा पुरावा नाहीसा केला होता.

तिच्या मनात पहिला विचार आला तो भाचीचा नव्हता. लोक काय म्हणतील, हा होता. एकोणतीस वर्षांचं नाव, सेवानिवृत्तीला दीड वर्ष, आणि पोरं हसतील, की आत्याने आजारी बुरशी बरी करून दाखवली. हात दाखवून अवलक्षण कशाला? कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. या पहिल्या विचाराची तिला पुढे फार लाज वाटली, पण तो आला होता हे खरं.

"माझ्या मते चित्र स्पष्ट आहे," सर खिडकीपासून पुढे येत म्हणाले. "संस्थेची बदनामी आणखी वाढण्याआधी आपण निर्णय लिहून टाकू."

"तुम्हाला काही सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी भाचीला विचारलं.

भाचीचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला.

"पाच मिनिटं थांबा," आत्या म्हणाली. "मी आलेच. तोवर काही लिहू नका."

उत्तराची वाट न बघता ती निघाली. बोळ ओलांडून ती आपल्या खोलीत शिरली, तेव्हा फडताळातल्या वह्या तिला नीट दिसेनात, इतके डोळे भरून आले होते. चुकीच्या दोन वह्या काढल्या, तिसरी बरोबर निघाली. तिने उभ्या उभ्याच पान शोधलं. तिचंच वळणदार अक्षर. पहिला महिना, आठ मिलिमीटर, फार अशक्त. दुसरा, आठ. तिसरा, नऊ. सातव्या महिन्यावर तिने बोट ठेवलं, खालची सही पाहिली आणि वही छातीशी धरून उलटपावली परत आली.

चष्मेवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"बाई, ही पोरगी खोटं बोललेली नाही," आत्या दारातूनच म्हणाली. "तिचा वाण मी बिघडवला. म्हणजे मी त्याला बरं केलं."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. आत्याने कडेच्या तुकड्याचं सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत. जुन्या बाईंचा धडा, रोड बुरशी, फुटवा. सांगताना ती भाचीकडे बघत नव्हती.

"आत्या," सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो. तुमची भाची आहे ती. रक्ताची ओढ असतेच. पण ही चौकशी आहे, घरातला मामला नाही. नात्यातल्या माणसाच्या शब्दावर..."

"शब्दावर नका ठेवू विश्वास. वही बघा."

"वही तुम्हीच लिहिता ना? कालसुद्धा लिहिता येते."

आत्याने वही अध्यक्षबाईंच्या पुढ्यात उघडून ठेवली आणि ती मागे सरली. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "सातवा महिना. एकतीस मिलिमीटर. एका बाजूस जोमदार फुटवा, तेथील तुकडा घेतला. बाकी नष्ट. प्रकृती उत्तम." त्यांनी पान उलटलं, परत मागे आल्या. "आणि फिल्म कधीची?"

"चौथ्या महिन्यातली," भाची म्हणाली. "दुसऱ्या प्रयोगशाळेला वाण पाठवला तो दहाव्या."

"हं." अध्यक्षबाईंनी त्या नोंदीखाली नख टेकवलं. "ही सही कुणाची?"

सर वहीकडे बघायला पुढे आले आणि तिथेच थांबले. सही त्यांची होती. प्रत्येक महिन्याच्या नोंदीखाली होती, लांब शेपटीची, तारखेसकट, शिक्का मारलेली. नियमच होता तसा. दर महिन्याला आत्या वह्यांचा गठ्ठा नेऊन द्यायची आणि सर फोनवर बोलता बोलता सह्या करून तो परत द्यायचे.

"महिन्याला चारशे नोंदी असतात," सर म्हणाले. "प्रत्येक वाचायची म्हटली तर मी दुसरं काही करूच शकणार नाही."

"वाचायच्या नसतात तर सही कशासाठी करायची?"

चष्मेवाल्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. पडद्यावर धागा अजून वाढतच होता. तो आता चौकटीच्या बाहेर गेला होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढचा अर्धा तास लिहिण्यात गेला. त्या वाणाच्या तीन नळ्या सीलबंद करून बाहेर तपासणीला जायच्या होत्या, वाणात नेमकं काय बदललं ते तिथे कळणार होतं. बाकीच्या सगळ्या आजच नष्ट करायच्या, म्हणजे आणखी कुणी चुकून वापरायला नको. निकाल येईपर्यंत भाचीवर कारवाई नाही. तिने त्या वाणावर केलेलं गेल्या दीड वर्षाचं काम मात्र पाण्यात गेलं होतं, ते सगळं परत करावं लागणार होतं.

"तुमच्याबद्दलही मला लिहावं लागेल," अध्यक्षबाई आत्याला म्हणाल्या. "फुटवा आला तेव्हा ज्याचा वाण त्याला कळवायला हवं होतं."

"लिहा," आत्या म्हणाली. "आणि वाणांच्या कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे देऊ?"

त्या म्हणाल्या, सध्या सरांकडे नको. मग किल्ल्या चष्मेवाल्यांच्या बॅगेत गेल्या.

वाफेचं भांडं बोळाच्या टोकाला होतं. आत्याने सत्तावीस नळ्या जाळीच्या डब्यात भरून आत ठेवल्या, झाकण फिरवून घट्ट केलं आणि बटण दाबलं. भाची मागून आली होती. मदत करते असं ती म्हणाली नाही. भिंतीला टेकून ती दाबाच्या काट्याकडे बघत राहिली.

"सातव्या महिन्यात मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगणार होते. तू तेव्हा परिषदेला गेली होतीस. आलीस की दाखवू म्हटलं, तुला बरं वाटेल. मग राहून गेलं."

"मला बरं वाटेल." भाची कोरडं हसली. "दोन महिने रोज ती फिल्म लावून बसायचे मी, आत्या. माझीच फिल्म. कुठे जोडलीय ते शोधत. एवढी माणसं म्हणतायत, सर म्हणतायत, मी स्वतः अकरा वेळा करून बघितलं, म्हणजे मीच काहीतरी केलं असणार आणि आता विसरले, असं वाटायला लागलं होतं मला."

"चुकले मी, चिंगे."

भाचीने 'असू दे' म्हटलं नाही. काटा वर चढत होता. तिने एप्रनच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि आत्याच्या हातात दिला. "तू पाच मिनिटं थांबा म्हणालीस ना, तेव्हा हा द्यायला निघाले होते."

कागद हाताने लिहिलेला होता, खाली सही आणि आजची तारीख. फिल्ममधील निष्कर्ष मी खोटे दाखवले, हे मी मान्य करते, असं पहिल्या ओळीत होतं. मग संस्थेची माफी, सरांची माफी. आत्याला पुढची अक्षरं नीट लागेनात, म्हणून तिने कागद दिव्याखाली धरला. शेवटच्या दोन ओळी वेगळ्या पेनाने, नंतर सुचल्यासारख्या लिहिलेल्या होत्या.

वाण सांभाळणाऱ्यांचा यात काहीही दोष नाही. त्यांनी तो उत्तम सांभाळला.

आत्याने त्या ओळी दोनदा वाचल्या. मग ती भांड्याशेजारी जमिनीवरच बसली.